परतीचा कवडसा

माझ्या आईला स्वतःच्या मरणाची तारीख भूगोलातून कळली, आणि तो भूगोल तिला मीच शिकवला. मी अकोल्याच्या एका शाळेत नववी-दहावीला शिकवतो. मला राग पटकन येतो आणि राग आला की मी शिकवायला लागतो, असं माझी बायको प्राजक्ता म्हणते. ती खोटं बोलत नाही.

आमचं गाव शेंदूरजनाघाटाजवळ. गावाबाहेर, बागेच्या तोंडाशी आमचं संत्र्याचं शेड आहे. हंगामात तिथं बाया संत्री निवडतात, क्रेट भरतात, दाराशी ट्रक लागलेले असतात. मे महिन्यात मात्र तिथं कुत्रंही फिरकत नाही. रिकामे क्रेट, वजनकाटा आणि वर उन्हानं तडतडणारा पत्रा, बस. हे सगळं माझा मोठा भाऊ किशोर सांभाळायचा. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, पावसाआधीची डागडुजी करायला तो शेडवर चढला. आत उजेड यावा म्हणून लोखंडी पत्र्यांच्या मध्ये एखादा फायबरचा टाकलेला असतो, आणि उन्हापावसानं तो पापडासारखा होतो. त्याच्यावर पाय द्यायचा नसतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. किशोरलाही ठाऊक होतं. अठ्ठावीस तारखेला, बारा वाजून गेल्यावर त्याचा पाय त्याच्यावर पडला आणि तो सरळ खाली आला. आई तेव्हा त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन शेडमध्ये शिरत होती.

तेव्हापासून ती रोज दुपारी तो तांब्या भरून त्याच जागेवर ठेवायची. आम्ही कुणी तिला काही म्हटलं नाही. दुःखाला काहीतरी काम लागतं.

आमचं शेड उभारणाऱ्या वरुडच्या अब्दुल गफ्फारनं फायबरच्या जागी लोखंडी पत्रा ठोकून दिला. पत्रा जुना होता, दुसऱ्या कुठल्या शेडवरून उतरवलेला, आणि त्याला आधीच्या खिळ्याचं एक भोक होतं. पावसाळ्यात तिथून थेंब गळायचा. बुजवू बुजवू म्हणत ते राहून गेलं, कारण शेडवर चढायचं नावच कुणी काढत नव्हतं.

वर्षश्राद्ध आलं ते अकरा दिवस आधीच आलं. तिथी चंद्राची, तिचा आणि इंग्रजी तारखेचा मेळ कुठून बसणार? भटजी आले, पिंड झाले, कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळा काही फिरकला नाही. शेवटी गाईला घातलं. संध्याकाळी मी अकोल्याला निघालो तेव्हा आई दारात एवढंच म्हणाली की किशोर आला नाही.

त्यानंतर अठ्ठावीस तारखेला दुपारी रागिणी वहिनीचा फोन आला. ती किशोरची बायको. दोघी सासू-सुनाच आता घरात असतात. वहिनी हळू आवाजात बोलत होती, शेजारी कुणी झोपलेलं असावं तशी. म्हणाली, “भाऊजी, तुमी येऊन जा. आई शेडमधून उठून नाई राहिल्या.”

शाळेला सुट्टी होतीच. रात्री पोचलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोघींबरोबर शेडमध्ये जाऊन बसलो. बारा वाजले. कोब्यावर, तांब्याच्या थोडं अलीकडे, एक गोल कवडसा पडलेला होता, लहान पुरीएवढा. तो सरकत होता. बघत बसलं तर सरकताना दिसायचा नाही, नजर वळवून पुन्हा पाहिलं की पुढं गेलेला असायचा. सव्वाबाराच्या सुमारास तो तांब्यात शिरला. पाणी आतून पेटल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी वर, पत्र्याच्या काळ्या पोटाला, त्या भोकाच्या भोवती एक उजेड थरथरायला लागला. खाली उतरलेलं ऊन पाण्याला लागून जसंच्या तसं वर जात होतं.

पत्रा तडतडला. चार पावलं टाकावीत तसा, एकीकडून दुसरीकडे. वहिनीनं माझ्या दंडाला धरलं. मला ठाऊक होतं की पत्रा तापला की फुगतो आणि वाजतो. तरी माझ्या मानेवर काटा आला.

आई मात्र हसत होती. वर्षभरानं मी तिला हसताना पाहत होतो. तिनं मला सांगितलं की भटजीची तिथी चुकली होती, किशोर आपल्या खऱ्या दिवशी आला. काल आला, आज पुन्हा आला. पाणी पितो आणि वर पाहतो.

इथं मला राग आला. राग कसला, भीतीच ती. पण माझ्या भीतीला रागाचाच सदरा बसतो. मी आईला म्हटलं की यात किशोर नाही, सूर्य आहे. वर्षातून दोन दिवस आपल्या गावात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा खांबाचीही सावली पडत नाही. म्हणून भोकातलं ऊन सरळ खाली येतं. कुठल्याही भोकातलं येईल. दादा ज्या दिवशी पडला तो असाच दिवस होता, एवढंच.

तिला पटलं नाही. मग मी आतून मोठी शिडी लावली आणि दाराकडच्या एका पत्र्याला हातोडी-खिळ्यानं दुसरं भोक पाडलं. गवंड्याचा ओळंबा आणून भोकातून खाली सोडला, तो टेकला तिथं खडूनं फुली मारली. उद्या दुपारी बघ म्हटलं. माझी छाती फुगली होती. मुलांना प्रयोग दाखवताना फुगते तशीच.

दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होतं. कवडसा तांब्याच्या काठाला लागला, आणि त्याच वेळी दाराकडे दुसरा कवडसा माझ्या फुलीवर येऊन बसला. तस्साच गोल. मी आईकडे पाहिलं. ती उठली, त्या नव्या कवडशाजवळ गेली, वाकून त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

“आन् इथं कोण पडणार हाय?” तिनं विचारलं.

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मी काहीतरी पुटपुटलो, फुली पायानं पुसायला गेलो आणि पाय उचलेचना. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसापासून मी शेडमध्ये शिरताना त्या जागेला वळसा घालून जायला लागलो. भूगोलाचा मास्तर!

पुढचे दिवस वेगळे होते. कवडसा रोज बोटाच्या रुंदीएवढा सरकू लागला. दुपारी तो तांब्यात शिरेना, तांब्याच्या दक्षिणेला पडायला लागला. आधी आईला कळलं नाही. कळलं तेव्हा ती कासावीस झाली. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. आमच्याकडे दक्षिणेला पाय करून कुणी झोपत नाही. ती कवडशाच्या पुढं हात आडवा धरायची, कवडसा हातावर चढायचा आणि दुसऱ्या दिवशी आणखी बोटभर पलीकडे असायचा. जेवण तुटलं. तो चालला, त्याला तिकडे कोणी ओढून राहिलं, एवढंच ती म्हणत राहायची.

आईला तसं बघवेना. म्हणून मी पुन्हा शिकवायला बसलो, या वेळी रागानं नव्हे. संत्र्याच्या शेडमध्ये जूनमध्ये संत्रं मिळत नाही, म्हणून कांदा घेतला. त्यात बांबूची काडी खुपसली आणि काडी थोडी कलती धरली. मध्ये कंदील ठेवला, तो सूर्य. कांदा कलता तसाच धरून मी कंदिलाभोवती फिरलो. तिला दाखवलं की मी कुठंही गेलो तरी काडी कलते ती एकाच बाजूला, खोलीच्या त्या कोपऱ्याकडे. म्हणून कधी कांद्याचं वरचं अंग कंदिलाकडे झुकतं, कधी खालचं. वरचं झुकलं की आपला उन्हाळा. तेव्हा आपण फिरत फिरत जास्त वेळ उजेडात असतो, दिवस लांब होतो. पलीकडे गेलं की खालच्यांचा उन्हाळा आणि आपली लांब रात्र. सूर्य कुठं जात नाही, येत नाही. आपणच कललेले आहोत.

आईनं कांदा हातात घेतला. काडी कलती कशानं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, फार जुनी गोष्ट आहे, तेव्हापासून तशीच आहे. सरळ करणारं कोणी नाही काय, म्हणाली. नाही, म्हटलं.

मग मी सांगायला नको होतं ते सांगितलं. म्हटलं, कवडसा दक्षिणेला गेला म्हणून घाबरू नको. सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला गेलाय, म्हणून ऊन तिरपं होऊन दक्षिणेला पडतं. पण तो फार लांब जात नाही. वर मध्य प्रदेशातून एक रेघ जाते, कर्कवृत्त म्हणतात, तिच्यापर्यंत जातो आणि मागं फिरतो. झोका टोकाला गेला की कसा क्षणभर थांबतो, मग परततो? तसा तो एकवीस जूनच्या आसपास थांबल्यासारखा होतो. तुझा कवडसा वीतभर जाईल, थांबेल आणि आल्या वाटेनं परत येईल. प्रत्येक दिवसाला पलीकडे एक जुळा दिवस असतो, तेवढाच लांब, तीच सावली.

“परत येईल?” आई म्हणाली. “इथंच? तांब्यात?”

“इथंच.”

“कधी?”

मी बोटं मोजली आणि मास्तराच्या आवाजात सांगितलं, “पंधरा जुलै.”

ती शांत झाली. त्या संध्याकाळी नीट जेवली, वहिनीनं वाढलेली दुसरी भाकरीही खाल्ली. मी प्राजक्ताला फोन करून सांगितलं की काम झालं, आई सावरली. प्राजक्ता म्हणाली, बघा हो, तुमचं काम झालं की मला धास्ती वाटते.

एकवीस जूनच्या आधीच कवडसा थबकला. आठवडा-दहा दिवस तो जागचा हलला म्हणून नाही. मी वर्गात इतकी वर्षं सांगत आलो होतो की या दिवशी सूर्य थांबल्यासारखा वाटतो, पण ते थांबणं कधी बघितलं नव्हतं. रोज दुपारी तो त्याच जागी येऊन उभा राहायचा. एखादा ढगाचा पुंजका सूर्यावरून गेला की कवडशाच्या आतून एक बारीक सावली सरकत जायची, इकडून तिकडे. आई म्हणायची, त्याच्या मागून कोणीतरी चाललं. संध्याकाळ होता होईना. सात वाजले तरी बागेवर उजेड, आणि त्या उजेडात शेडच्या दाराशी आई बसलेली. वर्षातला सगळ्यात लांब दिवस म्हणजे सगळ्यात जास्त वेळ वाट बघायचा दिवस, हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही.

शाळा सुरू झाली, मी अकोल्याला परतलो. दहावीच्या वर्गात अयनदिनाचा धडा निघाला. दर वर्षी मी त्या धड्यात चिडतो, कारण मुलं सांगतात की दिवस तिळातिळानं वाढतो तो संक्रांतीपासून. संक्रांत जानेवारीत, आणि दिवस वाढायला लागतो तो डिसेंबरातच, नाताळाच्या आधी. सूर्य केव्हाच परत निघालेला असतो आणि आपण महिनाभरानं तीळगूळ वाटतो. या वर्षी मी चिडलो नाही. फळ्यावर सूर्याची परतीची वाट काढली, मग हात थांबला. मुलं वाट बघत होती. मी तास अर्ध्यावर सोडून बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. आईनं आपली चांगली लुगडी वाटून टाकली होती. पेटीतली नथ वहिनीच्या हातात दिली होती. शेजारच्या भावनाकाकूंना सांगितलं होतं की घरातल्या लोणच्याच्या बरण्या घेऊन जा, मला आता लागत नाहीत. वहिनीनं जीव तोडून विचारलं, तेव्हा आईनं सरळ सांगितलं की मागच्या खेपेला तो गेला तेव्हा मी पाणी घेऊन दारातच राहिले. या खेपेला पंधरा तारखेला तो येईल, तेव्हा मी त्याच्यासंगं जाईन.

वहिनी रडत नव्हती. तिनं विचारलं, “भाऊजी, तुमी त्यायले तारीख काहून सांगितली?”

शहाणपण अंगाशी येतं म्हणतात, ते असं. आजारी माणसाला औषध देता येतं. माझी आई आजारी नव्हती. ती एका दिवसाची वाट बघत होती, आणि वाट बघणारी म्हातारी माणसं त्या दिवशी खरंच जातात, हे मी आमच्या घरात पाहिलेलं आहे. माझी आजी मुलीचं लग्न लागेपर्यंत थांबली होती आणि अक्षता पडल्यावर दुसऱ्या सकाळी गेली.

मी गफ्फारला फोन केला. म्हटलं, आजच्या आज ते भोक बुजव. गफ्फार आमच्या घरचाच माणूस, पण त्यानं हात वर केले. तो म्हणाला, “श्यामभाऊ, तुमच्या अम्मानं मले कसम घातली. त्या पत्र्याले हात लावला तं माह्यं मेलेलं तोंड पाहशील म्हणे. मी कसा चढू?” एवढं मात्र त्यानं केलं, डांबराची चिकटपट्टी घरी पोचती केली आणि बाहेरची शिडी दोरीनं पक्की बांधून दिली.

रजा टाकून मी चौदा तारखेला गावी पोचलो. आठ दिवस पाऊस लागून होता. आकाश खाली आलेलं, बाग काळीशार, शेडच्या पत्र्यावर एकसारखा आवाज, वर चढायची सोय नव्हती. मी देवाला सहसा त्रास देत नाही, पण त्या रात्री म्हटलं की उद्याचा दिवस झाकून ठेव. नाहीतरी लोकांना या दुसऱ्या दिवसाचा पत्ता नसतो तो त्यामुळंच. मेमधला दिवस उघडा पडतो, जुलैमधला त्याचा जुळा ढगांच्या वर येतो आणि निघून जातो.

सकाळीही ढग होते. आईनं अंघोळ केली, घडीचं पांढरं लुगडं नेसली, काही खाल्लं नाही. तांब्या घासून भरला आणि शेडमध्ये जागेवर जाऊन बसली. मी तिला म्हटलं, चल, अकोल्याला जाऊ, नातवंडांना भेट. ती म्हणाली, उद्या जाऊ म्हणाली असते, पण तुले खोटं कशाले सांगू. मी तिला उचलून न्यायला वाकलो. तिला उचलणं काहीच कठीण नव्हतं, ती इतकी हलकी झाली होती की मीच घाबरून तिला पुन्हा खाली बसवलं. आतून भोक बुजवायचं तर शिडी तिच्या मांडीवरच टेकवावी लागली असती.

बाराच्या पुढे पाऊस थांबला. मग पत्रा एकदा वाजला, ऊन लागलं की वाजतो तसा. आईनं वर पाहिलं. कोब्यावर फिकट, पांढुरका कवडसा उमटला आणि पुसला गेला.

सव्वाबारा झाले. तिची नजर तांब्यावरून हलत नव्हती. “उशीर झाला त्याले,” ती म्हणाली. मेपेक्षा जुलैत मध्यान्ह आठ-दहा मिनिटं उशिरा होते. कारण मला ठाऊक होतं, तोंडावर आलंही होतं. मी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी काही शिकवलं नाही. वहिनीला खुणेनं सांगितलं की आईजवळ बस, आणि बाहेर जाऊन शिडी चढलो.

पत्रा ओला होता. मी खिळ्यांच्या रांगेवरून, जिथं खाली आधाराचा लोखंडी आडवा अँगल असतो तिथून, गुडघ्यांवर रांगत निघालो. तळहात घसरत होते. मी वर्गात हजारदा सांगितलेला दिवस होता तो, सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा, आणि माझी सावली माझ्या अंगाखाली कुठंतरी दडली होती. दोन्ही बाजूंना बघितलं तर पत्र्यावर माझं काहीच पडलेलं नव्हतं. तेव्हा मला किशोर आठवला तो मेलेला नाही, चढलेला. असाच गुडघ्यांवर, खिशात पट्टी, डोक्यात पावसाच्या आधी उरकायची कामं. एवढ्या दिवसांत मी त्याच्या पडण्याचाच विचार केला होता. तो ज्या कामाला चढला होता त्याचा कधी केलाच नव्हता. मला रडू आलं, आणि ओल्या पत्र्यावर रडू येणं धोक्याचं असतं.

ढग सरले. ऊन पाठीवर पडलं, चांगलं जड. पत्रा माझ्या खाली तडतडला. खाली आईला ती पावलं ऐकू गेली असणार. भोक हाताशी आलं होतं. त्यातून उन्हाची काडी आत गेलेली, आणि खाली अंधारात पाणी चमकत होतं. त्याच्या शेजारी आईचं पांढरं लुगडं आणि वर वळलेला चेहरा. ती उठायच्या तयारीत होती, कुणाबरोबर निघताना माणूस पदर सावरतं तशी.

मी तळहात भोकावर ठेवला.

खालचा उजेड गेला. मग खालून, अगदी माझ्या हाताखालून, ती म्हणाली, “किशोर?”

लहानपणापासून ती मला चुकून त्याच्या नावानं हाक मारायची आणि मी दर वेळी ओरडायचो, मी श्याम. त्या दिवशी माझं नाव माझ्या तोंडात आलंच नाही.

“हो माय,” मी म्हणालो.

“वर काय करून राहिला तू?”

“भोक बुजवून राहिलो. पाऊस आला न.” मी दुसऱ्या हातानं खिशातली पट्टी चाचपली. “बुजवू काय?”

माझ्या हाताच्या पाठीवर ऊन भाजत होतं आणि तळहाताला खालचा गारवा लागत होता. मी मनात म्हणत होतो की हो म्हण, माय, हो म्हण. कारण ती नाही म्हणाली असती तर मी हात काढला असता. मला ते तेव्हाच कळलं होतं. तिच्या शब्दाविना मी ते भोक बुजवू शकत नव्हतो.

“ज्या कामाले चढला ते करून उतर,” ती म्हणाली. “आन् दमानं उतर. घाई नको करू. त्या उजेडाच्या पत्र्यावर पाय देऊ नको, बापा.”

मी पट्टीचा कागद दातांनी सोलला, भोकावर दाबली, अंगठ्यानं घासून घासून चिकटवली. मग मागं रांगत निघालो. खालून वहिनीचा आवाज आला, आई कुठं निघाल्या, म्हणून. मी मान वळवू शकत नव्हतो. पाय लोंबकळत ठेवून शिडीची पहिली पायरी शोधली आणि एकेक करत उतरायला लागलो.

शिडी हलत नव्हती. बांधलेली होतीच, तरी कुणीतरी ती खालून घट्ट धरली होती. शेवटच्या पायरीवर आलो तेव्हा माझ्या घोट्याभोवती दोन ओले हात आले. आईनं माझा पाय पायरीवरून उचलला आणि दोन्ही हातांनी धरून जमिनीवर टेकवला. मग दुसरा. टेकवल्यावरही तिनं हात काढले नाहीत, ती तशीच वाकून माझ्या पायांवर भार देऊन उभी राहिली, पाय खरंच जमिनीला लागलेत याची खात्री करून घेत असल्यासारखी. वहिनी दारात येऊन थांबली होती.

खूप वेळानं आई सरळ झाली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि माझ्या शर्टाला लागलेलं डांबर नखानं खरवडायला लागली.

“श्याम,” ती म्हणाली, “ते दाराजवळचंबी बुजवून टाक. पण आज नको. आज पुन्हा वर नको चढू.”